बेंगळुरू एफसीचा २०२२-२३ चा हंगाम: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून येणारे प्रश्न

आमच्या घरात फुटबॉल आला तो मामामुळे. टिळकवाडीतल्या लेले मैदानावर तो खेळायचा आणि आम्ही भावंडं कडेला चपला सांभाळत बसायचो. पुढे टीव्हीवर बेंगळुरू एफसी दिसू लागला. २०२२-२३ च्या हंगामात मी त्यांचा जवळजवळ प्रत्येक सामना बघितला, त्यातला एक अंतिम सामना तर मैदानात बसून. त्या हंगामाबद्दल शेजारपाजारचे, निपाणी-चिकोडीकडचे पाहुणे, खानापूरची शाळकरी मुलं जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवते.

त्या हंगामात झालं काय, आधी थोडक्यात सांगा.

संघ तीन स्पर्धा खेळला आणि तिन्हींच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. ड्युरँड कप जिंकला, १८ सप्टेंबर २०२२ ला कोलकात्यात. इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) अंतिम सामना टायब्रेकरवर, म्हणजे पेनल्टी फटक्यांवर, हरला, १८ मार्च २०२३ ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर. सुपर कपचा अंतिम सामना २-१ ने हरला, २५ एप्रिल २०२३ ला कोझिकोडला.

म्हणजे हाती एक कप. पण डिसेंबरअखेर हाच संघ आयएसएलच्या गुणतक्त्यात तळाच्या बाजूला होता आणि बाद फेरी गाठेल असं कोणी म्हणत नव्हतं, हे सोबत सांगितल्याशिवाय ती गोष्ट पुरी होत नाही.

लीग, शिल्ड, ड्युरँड, सुपर कप... इतक्या स्पर्धा कशाला? फरक काय?

निपाणीकडच्यांना हे लगेच कळतं. कोल्हापूर त्यांना जवळ, शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने बघत ते मोठे झालेत. तिथे केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) लीग वेगळी आणि बाद पद्धतीच्या चषक स्पर्धा वेगळ्या. देशपातळीवरही तसंच आहे.

आयएसएल ही लीग. त्या वर्षी ११ संघ होते. प्रत्येकाशी एकदा घरच्या मैदानावर, एकदा त्यांच्याकडे, असे २० सामने. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. गुणतक्त्यात जो पहिला, त्याला लीग शिल्ड. ही शिल्ड २०१९-२० पासून दिली जाते आणि २०२२-२३ ला ती ४६ गुण मिळवणाऱ्या मुंबई सिटीनं नेली. पण आपल्याकडे लीग तिथे संपत नाही. वरचे संघ पुढे बाद पद्धतीनं खेळतात आणि त्यातून आयएसएलचा विजेता ठरतो. आधी पहिले चारच संघ पुढे जायचे. त्या वर्षीपासून सहा जाऊ लागले: पहिले दोन थेट उपांत्य फेरीत, तिसरा ते सहावा यांना आधी एक सामना. 'नियम बदलला म्हणून बेंगळुरू आत शिरला' असं बोलणारे भेटतात. ते खरं नाही. संघ चौथा आला होता, जुन्या नियमानंही तो आतच असता.

ड्युरँड कप १८८८ मध्ये सिमल्यात सुरू झाला. आशियातली ही सगळ्यात जुनी फुटबॉल स्पर्धा आणि आजही ती आपलं लष्कर भरवतं. व्यावसायिक क्लबांबरोबर सैन्यदलांचे संघही त्यात असतात. कॅम्पातल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांना पहाटे पळताना बघत वाढलेल्या आपल्या गावाला ही स्पर्धा परकी वाटू नये.

सुपर कप २०१८ मध्ये फेडरेशन कपच्या जागी आला. पहिला विजेता बेंगळुरू एफसीच होता. २०१९ नंतर ही स्पर्धा बंदच होती, ती २०२३ मध्ये परत भरली.

बेंगळुरू एफसी हा क्लब तरी कधीचा?

२०१३ चा. मालकी जेएसडब्ल्यू समूहाची. पहिल्याच हंगामात आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली मुख्य लीग, जिंकली, मग २०१५-१६ मध्ये पुन्हा. २०१६ ला आशियाई महासंघाच्या एएफसी कपचा अंतिम सामना खेळला, तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय क्लब. २०१७ ला आयएसएलमध्ये आला आणि २०१८-१९ ला ती जिंकली.

ड्युरँड कसा जिंकला?

नवा प्रशिक्षक, इंग्लंडचे सायमन ग्रेसन. नवे खेळाडूही बरेच: आघाडीला फिजीचा रॉय कृष्णा, मधल्या फळीत स्पेनचा हावी हर्नांडेझ, बचावात संदेश झिंगन आणि ऑस्ट्रेलियाचा अलेक्झांडर जोवानोविच, उजव्या बाजूला प्रबीर दास. यातले कृष्णा, झिंगन आणि दास हे तिघे मोहन बागानहून आलेले. हे लक्षात ठेवा, मार्चमध्ये याची आठवण होणार आहे.

उपांत्यपूर्व सामन्यात ओडिशाला जादा वेळेत २-१, उपांत्य सामन्यात हैदराबादला १-० असं हरवून संघ कोलकात्यातल्या सॉल्ट लेक मैदानावर मुंबई सिटीसमोर उभा राहिला. ११ व्या मिनिटाला शिवशक्ती नारायणनचा गोल, ३० व्या मिनिटाला मुंबईच्या अपुइयानं बरोबरी साधली, आणि ६१ व्या मिनिटाला ब्राझीलचा बचावपटू अॅलन कोस्टानं हेडरवर विजयी गोल केला. शिवशक्ती तमिळनाडूचा पोरगा. काही महिन्यांआधी तो क्लबच्या तरुण संघातून रिलायन्स फाउंडेशनच्या डेव्हलपमेंट लीगमध्ये खेळत होता. त्या आयएसएलचा सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू पुढे तोच ठरला.

कर्णधार सुनील छेत्रीकडे भारतातले सगळे मोठे करंडक होते, फक्त ड्युरँड नव्हता. तो त्या रविवारी मिळाला.

मग लीगमध्ये सुरुवातीला इतकं बिघडलं का?

गोल होत नव्हते, एवढं सरळ आहे. पहिल्या १२ सामन्यांत ८ गोल. ३ विजय, १ बरोबरी, ८ पराभव. त्यातले चार पराभव तर एकेका गोलानं, १-० असेच. मुंबईत मात्र ४-० असा मार बसला. ३० डिसेंबरला कोलकात्यात ईस्ट बंगालकडून २-१ हरले. त्यांचे दोन्ही गोल क्लेटन सिल्वाचे, जो आदल्या हंगामात बेंगळुरूच्याच निळ्या शर्टात होता. त्या रात्री मामा उठून टीव्ही बंद करून झोपायला गेला. मला वाटलं, हा हंगाम इथेच संपला.

जानेवारीत काय बदललं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. कारण याचं उत्तर 'नशीब' असं नाही.

मागे तीन बचावपटू ठेवून दोन्ही कडांना प्रबीर दास आणि नौरेम रोशन सिंग यांना लांब पळायला मोकळं सोडायचं, ही रचना हंगामभर घोटली जात होती. जानेवारीपासून ती बसली. मधल्या फळीत सुरेश सिंग वांगजाम आणि रोहित कुमार धावाधावीचं काम करायचे, त्यामुळे हावीला पुढे चेंडू द्यायला सवड मिळू लागली. रोशनच्या डाव्या बाजूनं येणाऱ्या कॉर्नर आणि फ्री किक म्हणजे अर्धा गोलच. आणि आघाडीला रॉय कृष्णाच्या जोडीला शिवशक्ती. दोघंही बचावपटूंच्या पाठीमागे धावणारे, त्यामुळे समोरच्या बचाव फळीला वर सरकायची भीती वाटू लागली आणि मधे जागा तयार झाली.

नॉर्थईस्ट, ओडिशा, जमशेदपूर, चेन्नईयिन, मोहन बागान (तेव्हाचं नाव एटीके मोहन बागान), केरळ, मुंबई, गोवा. ओळीनं आठ विजय. या आठ सामन्यांत १९ गोल केले आणि फक्त ६ खाल्ले. आधीच्या १२ सामन्यांत १७ खाल्ले होते. हे आकडे शेजारी-शेजारी मांडले की संघ किती पालटला ते दिसतं.

यात १५ फेब्रुवारीचा कंठीरव्यावरचा, म्हणजे बेंगळुरूच्या घरच्या मैदानावरचा, सामना वेगळा काढून ठेवावा असा. मुंबई सिटी १८ सामने अपराजित होती. त्यांना २-१ नं हरवलं. नंतर शेवटच्या सामन्यात एफसी गोव्याला ३-१. त्या निकालानं गोवा पहिल्या सहातून बाहेर पडला. मडगावच्या आमच्या नातेवाइकांनी दोन दिवस फोन घेतला नाही.

१० गुणांवरून ३४ गुणांवर. चौथा क्रमांक.

छेत्रीला बाकावर का बसवलं? तो म्हातारा झाला होता का?

तो ३८ वर्षांचा होता. शिवशक्तीचे पाय चालत असताना ग्रेसननी छेत्रीला उत्तरार्धात आणायला सुरुवात केली. भारताच्या कर्णधाराला बाकावर बसवणं हा सोपा निर्णय नव्हता, आणि त्याहून अवघड म्हणजे त्या खेळाडूनं तो निमूटपणे मान्य करणं. नुसतं मान्य केलं नाही, बाकावरून उठून त्यानं दोन बाद सामने जिंकून दिले. मी आमच्या गल्लीतल्या मुलांना छेत्रीचे गोल नंतर दाखवते, आधी हे सांगते.

केरळ संघ मैदान सोडून गेला, ते प्रकरण नेमकं काय? गोल बरोबर होता का?

३ मार्च २०२३, शुक्रवार, कंठीरवा स्टेडियम. हरेल तो घरी. ९० मिनिटं ०-०. जादा वेळेतल्या ९६ व्या मिनिटाला बेंगळुरूला डीच्या जरा बाहेर फ्री किक मिळाली. केरळचे खेळाडू भिंत लावण्याच्या तयारीत, गोलरक्षक जागा धरतोय, तेवढ्यात छेत्रीनं चेंडू हलकेच रिकाम्या जाळ्यात टाकला. पंचांनी गोल दिला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी आपल्या खेळाडूंना मैदानाबाहेर बोलावलं आणि ते परत आले नाहीत. वाट बघून सामना बेंगळुरूला १-० असा बहाल केला गेला.

आता नियम. फ्री किक मिळाली की ती लगेच मारायचा हक्क मारणाऱ्या संघाचा असतो. समोरच्यांनी ९.१५ मीटर लांब जायचं असतं. ते अंतर मोजून हवं असेल तर मारणाऱ्या संघानं मागायचं. त्यांनी मागितलं, तर मग पंचांच्या शिट्टीची वाट बघावी लागते. भिंत उभी करायला वेळ मिळणं हा बचाव करणाऱ्यांचा हक्क नाही. केरळचं म्हणणं होतं की पंचांच्या वागण्यावरून आपल्याला थांबायचंय असं वाटलं. फेरसामन्याची त्यांची मागणी मान्य झाली नाही. भारतीय फुटबॉल महासंघानं क्लबला ४ कोटी रुपये दंड केला आणि प्रशिक्षकांवर १० सामन्यांची बंदी घातली.

माझं मत विचाराल तर गोल नियमाला धरून होता. मुलांना मी हेच शिकवेन की शिट्टी झाली की चेंडूकडे पाठ करायची नाही. पण कोचीहून रात्रभर प्रवास करून आलेली ती पिवळ्या शर्टातली माणसं, जादा वेळेचा अर्धा तासही पुरा बघायला न मिळता परत गेली, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं. सामना जिंकल्याचा आनंद त्या रात्री अर्धाच होता.

उपांत्य फेरीत मुंबई विरुद्ध बेंगळूर. मराठी माणूस बेळगावात बसून बेंगळूरला टाळ्या वाजवतो, हे कसं?

हा प्रश्न मला आत्यानं विचारलाय, कॉलेजातल्या मैत्रिणीनं विचारलाय, पुण्याच्या चुलतभावानं तर दर वेळी विचारलाय. म्हणून नीट उत्तर देते.

त्याच डिसेंबरात सीमाप्रश्न पुन्हा तापला होता. गाड्यांवर दगड पडले, इकडच्या-तिकडच्या बसगाड्या अडकल्या. लग्नाला निघालेले पाहुणे निपाणीत खोळंबले. अशा वातावरणात छातीवर 'बेंगळुरू' लिहिलेला शर्ट घालून मराठी घरातली मुलगी बाहेर पडते, तर लोक विचारणारच. मला त्याचा राग नाही.

माझी भाषा मराठी. माझं शिक्षण मराठी शाळेत झालं आणि ती शाळा टिकावी म्हणून आई-बाबांनी जे सोसलं ते मी बघितलंय. त्यातलं काही मी सोडलेलं नाही. पण फुटबॉलचा संघ मी मतदार यादी बघून निवडला नाही. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री बसून सकाळी ज्या मैदानाजवळ उतरता येतं, ज्या संघाचा पहिला सामना मामानं मला हाताला धरून दाखवला, तो माझा संघ. आणि त्या मैदानाच्या पश्चिम बाजूला, वेस्ट ब्लॉक ब्लूज या पाठीराख्यांच्या गटामधे उभं राहिल्यावर मला कोणी कधी विचारलं नाही की तू कुठल्या भाषेची. शेजारी कन्नड, तमिळ, मल्याळी, मणिपुरी. गोल झाला की सगळ्यांचा एकच आवाज.

आणि बघायला गेलं तर मराठी पोरं दोन्ही बाजूंना होती. बेंगळुरूच्या मधल्या फळीत मुंबईचा जयेश राणे. मुंबई सिटीच्या बचावात राहुल भेके, ज्यानं १७ मार्च २०१९ ला मुंबईतच एफसी गोव्याविरुद्ध जादा वेळेत हेडर मारून बेंगळुरूला आयएसएल मिळवून दिली होती. त्या हेडरवर आमच्या गल्लीत पेढे वाटले होते.

मामा मात्र मुंबईच्या बाजूचा. त्यालाही कारण आहे, त्याची उमेदीची दहा वर्षं परळमध्ये गेली.

आणि तो ९-८ चा टायब्रेकर?

पहिला सामना मुंबईत, ७ मार्चला, होळीच्या दुसऱ्या दिवशी. छेत्री बाकावरून आला आणि ७८ व्या मिनिटाला रोशनच्या कॉर्नरवर हेडर. १-०.

दुसरा १२ मार्चला कंठीरव्यावर. सुरुवातीलाच मुंबईला पेनल्टी मिळाली आणि आमचा गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधूनं ग्रेग स्ट्युअर्टचा फटका अडवला. मग हावीचा गोल, बिपिन सिंगची बरोबरी, मेहताब सिंगचा हेडर. सामना मुंबईनं २-१ जिंकला, दोन्ही मिळून २-२. जादा वेळेत काही नाही. टायब्रेकरमध्ये दोन्हीकडचे पहिले आठही फटके जाळ्यात. नववा मेहताबचा, गुरप्रीतनं अडवला. बेंगळुरूचा नववा मारायला झिंगन आला. बचावपटू, चेंडू ठेवला, पळत आला, गोल.

मामा एक मिनिट गप्प होता. मग म्हणाला, "चल, फातोर्ड्याला जाऊया. गाडी मी काढतो."

फातोर्ड्याचा अंतिम सामना प्रत्यक्ष बघितला, कसा होता?

शनिवार, १८ मार्च. पाडवा चार दिवसांवर. मी, मामा आणि माझा तेरा वर्षांचा भाचा, दुपारी बाराच्या आत निघालो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी, फोंडा, मडगाव. घाटात रस्ता खराब होता, पाच वाजून गेले पोचायला. बाहेर मोहन बागानच्या हिरव्या-मरून शर्टांची गर्दी जास्त. कोलकात्याहून माणसं विमानानं, रेल्वेनं आली होती. निळे शर्टही बरेच, आणि त्यात आमच्यासारखे बेळगाव, हुबळी, धारवाडहून गाड्या काढून आलेले भेटले. देशातला एवढा मोठा सामना आपल्या इतक्या जवळ कितीदा होणार!

सामना सुरू होऊन चार मिनिटं झाली नाहीत तोच शिवशक्तीला दुखापत. तो बाहेर, छेत्री आत. ज्या जोडीनं आठ सामने जिंकून दिले ती जोडी तिथेच मोडली. मी आजही मानते की त्या रात्रीचं अर्धं गणित तिथे फिरलं. १४ व्या मिनिटाला रॉय कृष्णाच्या हाताला चेंडू लागला, पेनल्टी, दिमित्री पेत्रातोसचा गोल. पूर्वार्धाच्या जादा मिनिटांत कृष्णालाच डीमध्ये पाडलं, पेनल्टी, छेत्रीचा गोल. ७८ व्या मिनिटाला कॉर्नरवरून कृष्णाचं हेडर. २-१! ज्या क्लबनं सोडलं त्याच क्लबविरुद्ध. भाचा माझ्या खांद्यावर चढला होता. बारा मिनिटं काढायची होती.

८५ व्या मिनिटाला पाब्लो पेरेझनं कियान नासिरीला पाडलं असं पंचांनी ठरवलं. पुन्हा पेनल्टी, पुन्हा पेत्रातोस. २-२.

टायब्रेकरमध्ये ब्रुनो रामिरेसचा फटका मोहन बागानचा गोलरक्षक विशाल कैथनं अडवला, आणि शेवटी पाब्लो पेरेझचा फटका बारवरून गेला. ४-३. पेरेझ जानेवारीत आलेला स्पॅनिश खेळाडू. ती ८५ व्या मिनिटाची पेनल्टीही त्याच्याच नावावर आणि हा फटकाही. तो गुडघ्यावर बसला तेव्हा पहिला त्याच्याजवळ कोण गेलं ते गर्दीतून दिसलं नाही, पण निळ्या शर्टांचा घोळका त्याच्याभोवती जमला एवढं दिसलं.

रात्री परत येताना साखळीजवळ गाडी थांबवली. मामानं भाच्याला पाणी दिलं आणि म्हणाला, "रडू दे त्याला. मी पण रडलोय, लेले मैदानावर."

ती ८५ व्या मिनिटाची पेनल्टी चूक होती ना? व्हीएआर असतं तर?

व्हीएआर म्हणजे व्हिडिओ बघून पंचांचा निर्णय तपासायची सोय. आयएसएलमध्ये तेव्हा ती नव्हती. बेंगळुरूच्या मालकांनी त्या रात्रीच ती आणायची जाहीर मागणी केली. मैदानात मी त्या टोकापासून फार लांब होते. नंतर टीव्हीवर बघितलं तेव्हा मला तो धक्का पेनल्टी देण्याइतका वाटला नाही. पण मोहन बागाननं टायब्रेकरमधले आपले चारही फटके बिनचूक मारले, तेही खरंच.

सुपर कपमध्ये काय झालं? त्याबद्दल कोणी बोलत नाही.

फातोर्ड्यानंतर तीन आठवड्यांनी केरळमध्ये. गटात श्रीनिधी डेक्कन, राउंडग्लास पंजाब आणि, योगायोग बघा, केरळ ब्लास्टर्स. १६ एप्रिलला कोझिकोडच्या त्यांच्याच माणसांसमोर १-१. बेंगळुरू पुढे, केरळ बाहेर. उपांत्य सामन्यात जमशेदपूरला २-०. अंतिम सामन्यात ओडिशाच्या दिएगो मॉरिसिओनं पूर्वार्धातच दोन गोल केले, छेत्रीची ८५ व्या मिनिटाची पेनल्टी उशिरा आली. ओडिशाचा तो पहिलाच मोठा करंडक, आणि त्यांचे प्रशिक्षक गोव्याचे क्लिफर्ड मिरांडा. भारतीय प्रशिक्षकाच्या हाती तो कप गेला याचं मला मनापासून बरं वाटलं.

तीन अंतिम सामने खेळल्यावर आशियाई स्पर्धेत जागा मिळाली असेल?

नाही. ड्युरँडच्या विजेत्याला तशी जागा नसते, आणि बाकी दोन ठिकाणी संघ उपविजेता होता.

कर्नाटकानं त्याच वर्षी संतोष ट्रॉफी जिंकली. तो संघ आणि हा एकच का?

वेगळे. संतोष ट्रॉफी राज्यांच्या संघांची. ४ मार्च २०२३ ला, केरळ प्रकरणाच्या दुसऱ्याच दिवशी, सौदी अरेबियातल्या रियाधमध्ये कर्नाटकानं मेघालयाला ३-२ हरवून ती जिंकली. ५४ वर्षांनी. त्याआधी हा करंडक आला तेव्हा राज्याचं नावही म्हैसूर होतं. केरळच्या गोंगाटात ही बातमी दबली, त्याची खंत आहे.

बेळगावात इतका फुटबॉल खेळतात, मग आपली मुलं या पातळीवर का दिसत नाहीत?

खेळतात हे खरंच. सेंट पॉल्सच्या मैदानावरची फादर एडी स्मृती आंतरशालेय स्पर्धा बघायला जा, नववी-दहावीतल्या पोरांचा स्पर्श आणि नजर बघून थक्क व्हाल. कोल्हापूरचं तर विचारूच नका. तिथला अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढे आयएसएलमध्येही. म्हणजे या मातीत काही कमी आहे असं नाही.

माझ्या मते कमी पडतात ते सामने. स्पर्धेचे आठवडे संपले की मुलांना वर्षभर खेळायला नियमित लीग मिळत नाही. त्या वयात दर आठवड्याला एक चुरशीचा सामना लागतो, पावसाळ्याचे महिने सोडून. आणि दुसरं वय. बेंगळुरू एफसीची निवासी अकादमी बळ्ळारी जिल्ह्यात विजयनगरला आहे. अशा ठिकाणी निवड बारा-चौदाव्या वर्षी होते, तेव्हा आपल्याकडे आई-बाप म्हणतात, "दहावी होऊ दे, मग बघू." दहावी झाल्यावर दार बंद झालेलं असतं. मी कोणाला दोष देत नाही, घर सोडून इतक्या लहान मुलाला पाठवणं सोपं नाही. पण वेळ हा आहे, हे माहीत तरी असावं.

कंठीरव्यावर सामना बघायला इथून कसं जावं?

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री निघालात की सकाळी केएसआर बेंगळूर स्थानकावर. तिथून मेट्रोची जांभळी मार्गिका, कब्बन पार्कला उतरा, पुढे चालत. सामने बहुधा संध्याकाळचे असतात, म्हणून परतीची गाडी त्याच रात्रीची धरू नका. जादा वेळ आणि टायब्रेकर झाला तर ती हमखास चुकते. मुलांना नेत असाल तर वेस्ट ब्लॉकमध्ये नेऊ नका, तिथे पूर्ण वेळ उभंच राहावं लागतं. समोरच्या बाजूचं तिकीट काढा.

त्या संघाचं पुढे काय झालं?

पुढचा हंगाम वाईट गेला. ग्रेसन डिसेंबर २०२३ मध्ये गेले, संघ १२ पैकी १० वा आला. रॉय कृष्णा, झिंगन, जयेश राणे सगळे पांगले. छेत्री राहिला.

६ एप्रिल २०२५ ला आयएसएलचा उपांत्य सामना पुन्हा फातोर्ड्यावर होता, एफसी गोव्याविरुद्ध. आता पंधरा वर्षांचा झालेला भाचा शेजारच्या दादांबरोबर गेला, मला आणि मामाला जमलं नाही. पहिला सामना बेंगळुरूनं २-० जिंकला होता, पण त्या रात्री गोव्यानं दोन गोल करून बरोबरी साधली आणि सामना जादा वेळेत जाणार असं दिसत होतं. ९० मिनिटं उलटून गेली होती. चाळिशीतल्या छेत्रीनं हेडर मारला. कोलकात्यातला अंतिम सामना पुन्हा मोहन बागानकडून जादा वेळेत २-१ हरलो, ते पुढच्या शनिवारचं. पण त्या रविवारी रात्री साडेनऊनंतर मामाचा फोन वाजला. पलीकडून भाच्याचा आवाजच ऐकू येत नव्हता, नुसता मैदानाचा गजर. मामानं फोन स्पीकरवर टाकून टीव्हीसमोर धरला आणि आम्ही दोघं तसेच ऐकत उभे राहिलो.